शून्य एरर

ऑफिसात तिला सगळे चाळणबाई म्हणायचे. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्यानं विचार करून ठेवलं होतं. नऊ वाहिन्या दिवसरात्र जे काही दाखवतात ते गच्चीवरच्या दोन डिशनी पकडायचं, मशीनवर रेकॉर्ड करायचं, मग त्याचं लहान फाइलीत रूपांतर करून वर्षानुवर्षं सांभाळायचं, हे त्या केंद्राचं काम. कुणी टीव्हीवर काय दाखवलं आणि काय नाही यावरून भांडण लागलं की कोर्ट, पोलीस, चौकशी समित्या सगळे इथे येत. नऊ वाहिन्यांचे रोजचे दोनशे सोळा तास होतात. ते बसून बघायचे म्हटलं तर सात जन्म पुरणार नाहीत. म्हणून रेकॉर्डिंग धड आहे की नाही, हे चाळणबाई न बघताच सांगायची.

ती वाचायची लॉग. रूपांतर करताना मशीन स्वतःच लिहीत जातं, की इथे डेटा हरवला, इथे फ्रेम तुटली, इथे आवाज मागे पडला. एका एररला एक ओळ, तास-मिनिट-सेकंदासकट. दुसऱ्या कुणाला तो मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखा दिसायचा. तिला मात्र त्यातून चित्र दिसे. ओळी एकाच जागी दाटल्या असल्या की वाऱ्यानं डिश हलली. दिवसभर तुरळक सांडल्या असल्या की कुठेतरी वायर सैल आहे. अगदी शेवटी ढीग पडला की डिस्क भरली आणि रात्रपाळीवाल्याला डुलकी लागली.

हे सगळं तिला मामांनी शिकवलं होतं. मामा म्हणजे तांत्रिक विभागाचे प्रमुख. अख्खं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं, पण सख्ख्या भाचीचा हक्क तिचा एकटीचा. ती अकरा वर्षांची असताना वडील गेले, तेव्हा हेच मामा ट्रंका घेऊन आले आणि तिला नि आईला आपल्या शेजारच्या घरात ठेवून घेतलं. शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून त्यांची सही. या नोकरीची परीक्षा तिची तिनं दिली, पण अशी परीक्षा असते हे सांगणारे मामाच. घरी ती त्यांना अरेतुरे करायची, ऑफिसात अहोजाहो. आता त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

त्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले. हातात एक कागद.

"एवढी सही हवी. तीन वाजता समितीची सुनावणी आहे, त्याआधी पोचवायचंय."

समितीचं प्रकरण माहीत नाही असं माणूस शहरात सापडलं नसतं. सात महिन्यांपूर्वी एका दुपारी वादळ आलं, वर धरणात पाणी चढलं आणि दरवाजे उघडावे लागले. खाली नदीच्या कोरड्या पात्रात पुलाच्या खांबांचं काम चाललं होतं. पाच वाजून पाच मिनिटांनी पाणी तिथे पोचलं आणि चौदा माणसं गेली. धरणाच्या ऑफिसनं सांगितलं, आम्ही चार वाजून दहा मिनिटांनी बातम्यांच्या वाहिनीला कळवलं होतं. वाहिनी म्हणाली, आम्ही चार सतराला इशाऱ्याची पट्टी लावली, तीन मिनिटं चालवली. वाचलेल्यांत कामगारांसाठी स्वयंपाक करणारी एक बाई होती. तिचा नवरा आणि दीर दोघंही गेले. ती एकच सांगत होती, शेडमध्ये जनरेटरवर टीव्ही चालू होता, तीच वाहिनी लागलेली होती, पट्टीबिट्टी काही आली नाही. आता बाईचा शब्द एकीकडे, वाहिनीचं रेकॉर्डिंग एकीकडे. म्हणून समितीनं तिसऱ्याचं, म्हणजे केंद्राचं रेकॉर्डिंग मागवलं होतं.

"मी बघितलंय," साहेब म्हणाले. "चार सतराला पट्टी स्पष्ट दिसते. एकदम लख्ख चित्र."

कागदावर लिहिलं होतं, की हे रेकॉर्डिंग केंद्रानं स्वतः प्रक्षेपणावरून घेतलेलं असून त्यात कोणताही फेरफार नाही. खाली तिचा हुद्दा, आणि सहीपुरती मोकळी जागा.

"लॉग बघते आणि देते," ती म्हणाली.

"बघ की. शून्य एरर आहेत."

साहेब गेले. तिनं लॉग उघडला. खरंच शून्य. सुरुवातीची ओळ, शेवटची ओळ, मधे काही नाही. इतका स्वच्छ लॉग तिनं आठ वर्षांत क्वचितच बघितला होता, आणि तोही निरभ्र हिवाळ्यातल्या दिवसाचा. हा तर वादळाचा दिवस.

तिनं त्याच दिवसाचे बाकीचे लॉग काढले. त्या वाहिनीच्या डिशवर आणखी चार वाहिन्या होत्या. चौघींच्याही लॉगमध्ये चार वाजून पाच मिनिटांपासून चार चाळीसपर्यंत ओळींचा नुसता चिखल झाला होता. एकीत तीनशे चाळीस, एकीत चारशे बारा, बाकीच्या दोघींत पाचशेच्या वर. शिवाय चार एकतीसला ऑफिसची वीज गेली होती आणि मशीन बॅटरीवर जाईपर्यंत दोन सेकंद कोरी पडली होती. ते दोन सेकंदांचं भोक नऊच्या नऊ वाहिन्यांत असायला हवं होतं. आठांत होतं.

एकाच छत्रीखालचे चौघं चिंब झाले, मग हा पाचवा कोरडा कसा राहिला?

तिनं तारखा बघितल्या. इतर आठ फाइली वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बनल्या होत्या. ही एकोणीस दिवसांनी. मग तिनं जुन्या लॉगचा फोल्डर उघडला. व्हिडिओ जागा खातात म्हणून मूळ रेकॉर्डिंग नव्वद दिवसांनी पुसली जायची. पण लॉग म्हणजे नुसता मजकूर, तो पुसायचे कष्ट कोण घेतो. पंधरा-वीस मिनिटं शोधल्यावर तिला हवं ते सापडलं. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा, त्याच वाहिनीचा लॉग. अकराशे शहाऐंशी एरर. आणि शेवटी मशीननं हात टेकल्याची ओळ, रूपांतर अयशस्वी.

म्हणजे केंद्राचं खरं रेकॉर्डिंग फाटकं होतं, त्याची फाइल बनलीच नव्हती, आणि एकोणीस दिवसांनी दुसरीच कुठली तरी फाइल त्याच्या नावानं येऊन बसली होती. फाइल कुणाच्या खात्यावरून ठेवली गेली ते लॉगच्या पहिल्या ओळीत असतं. ते तिनं सगळ्यात शेवटी वाचलं. खातं मामांचं होतं.

मामा मशीनच्या खोलीत होते. तिथे बारा महिने थंडी आणि पंख्यांची घरघर, त्यामुळे ते कायम स्वेटर घालून असायचे. तिनं दोन्ही लॉगचे कागद त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा वर ढकलला, वाचलं, आणि कागद तिला परत दिले.

"मूळ रेकॉर्डिंग गेलं होतं," ते म्हणाले. "वाहिनीकडून कॉपी मागवून ठेवली. संग्रहात भोक राहिलं असतं."

"कुठे लिहिलंत का तसं?"

"फाटलं तिथे ठिगळ लावलं, त्यात लिहायचं काय?"

"ठिगळ कुणाच्या कापडाचं आहे, ते लिहायचं."

एका मशीनवरचा हिरवा दिवा त्यांच्या चष्म्यात लुकलुकत होता.

"असं अजून किती वेळा केलंत?"

ते मशीनची वायर चाचपू लागले. तिला ते पुरलं.

"मामा, समिती नेमली तेव्हा तुम्हाला आठवलं नाही का?"

"आठवलं."

"मग?"

"म्हटलं, वाहिनीनं दिलेली कॉपी वाहिनीच्याच प्रक्षेपणाची असणार. वेगळी कशाला असेल?"

"आणि असेल तर?" ती म्हणाली, आणि मग तिच्या तोंडून घरातलं निघून गेलं. "अरे, चौदा माणसं गेलीत, मामा. ती बाई खोटी ठरेल. तुझ्या फाइलीमुळे."

मामांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तू सही करू नकोस. सही कर असं मी तुला सांगणार नाही. पण माझं नाव घेऊ नकोस. चौतीस वर्षं झाली इथे. दोन महिने राहिलेत. शंका आहे म्हण, तपास चालू आहे म्हण. तुझ्यासाठी मी एवढं केलंय, असं मी कधी म्हटलं नाही. आजही म्हणत नाही."

पण म्हटलंच होतं. ती कागद घेऊन बाहेर आली. तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

साहेबांनी कागद बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता, पण निखारा हातात आला की दुसऱ्याच्या ओंजळीत कसा टाकायचा हे त्याला बरोबर जमायचं.

"याचा अर्थ कळतोय तुला? ही एक फाइल बदलली म्हटलं की फाइली ठेवायला लागल्यापासूनच्या अकरा वर्षांच्या सगळ्या फाइलींवर संशय. आजवर कोर्टात दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट उकरून काढतील. आणि तुझे मामा."

"माहितीय."

"पट्टी खरीच असेल तर? मग एवढा गोंधळ कशासाठी घालायचा?"

"असेलही खरी. पण हे रेकॉर्डिंग आपण घेतलेलं नाही. आणि कागदावर आपण घेतलंय असं लिहिलंय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. दीड वाजला होता. "मी सांगतो तेवढंच कर. तब्येत बरी नाही म्हणून घरी जा. सही मी दुसऱ्याची घेतो."

"दुसऱ्याची घेतलीत तर मी तिथे जाऊन हे दोन कागद देईन," ती म्हणाली. ऐकताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. साहेबांना आजवर तिनं सुट्टीसुद्धा दोनदा विचारून मागितली होती.

साहेबांनी ते सर्टिफिकेट घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. "जायचंय तर जा. मी तुला पाठवलेलं नाही."

सुनावणीची जागा दोन रस्ते पलीकडे, एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. चालत गेली तर दहा मिनिटं. ती चालत गेली. वाटेत दोनदा मोबाइल वाजला, दोन्ही वेळा आईचा. म्हणजे मामांनी घरी फोन केला होता. तिनं उचलला नाही. उचलला असता तर पाय मागे फिरले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दालनात लांब टेबलामागे निवृत्त न्यायाधीश बसले होते. डावीकडे वाहिनीचे वकील, उजवीकडे बाकांवर गेलेल्यांची माणसं. पहिल्याच बाकावर ती स्वयंपाकीण होती. चाळणबाईनं तिला ओळखलं ते फोटोवरून नव्हे, तर दार उघडलं की दर वेळी ती मान वळवून बघायची त्यावरून. चाळणबाई आत आली तेव्हाही तिनं तसंच बघितलं.

ती केंद्रातून आल्याचं कळल्यावर न्यायाधीशांनी सर्टिफिकेट मागितलं.

"मी ते दिलेलं नाही. देऊ शकत नाही," ती म्हणाली आणि दोन्ही लॉग पुढे ठेवले. मग तिनं सगळं सांगितलं. चार वाहिन्यांचे एरर, वीज गेल्याचे दोन सेकंद, एकोणीस दिवसांची तारीख. आकडे पाठ होते.

वाहिनीचे वकील उठले. "तुम्ही तुमचं ते मूळ रेकॉर्डिंग पाहिलंय?"

"नाही. ते पुसलं गेलंय."

"जे पाहिलंच नाही ते खराब होतं, हे तुम्ही कशावरून सांगता?"

"लॉगवरून. माझं रोजचं काम तेच आहे. अकराशे शहाऐंशी एररपैकी नऊशेच्या वर चार वाजून पाच ते चार चाळीसच्या मधे आहेत. एवढ्या एररमध्ये चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो. सलग तीन मिनिटं लख्ख पट्टी दिसेल, असं रेकॉर्डिंग ते नव्हतं."

"ठीक. मग त्या खराब रेकॉर्डिंगमध्ये पट्टी असूही शकेल. तुकड्या-तुकड्यांत. बरोबर?"

इथे तिला थांबावं लागलं. उजवीकडच्या बाकावरून बाईची नजर तिच्या गालाला लागत होती. नाही, पट्टी नव्हती, असं एक वाक्य बोललं की किती सोपं झालं असतं. पण लॉगला अक्षरं दिसत नाहीत. काय हरवलं एवढंच तो सांगतो, त्यावर काय लिहिलं होतं ते नाही.

"असू शकेल," ती म्हणाली. "नसूही शकेल. मला सांगता येणार नाही."

बाकांवर कुजबुज झाली. कुणीतरी 'मग आलीस कशाला' असं बऱ्यापैकी मोठ्यानं म्हटलं.

वकील हसले आणि खाली बसले. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. ते चष्मा पुसत होते. "मग तुमच्या केंद्राच्या नावानं आमच्यापुढे आली असती, ती फाइल कुणाची?"

"वाहिनीची. त्यांच्याकडून मागवलेली कॉपी."

"कुणी मागवली?"

दालनात पंखा फिरत होता. आई आत्ता मामांच्या दारात उभी असेल, असं तिला उगाच दिसलं.

"माझ्या मामांनी," ती म्हणाली.

"नातं नको. हुद्दा सांगा."

"तांत्रिक विभागाचे प्रमुख."

टायपिस्टनं ते टाइप केलं. कळांचा आवाज होत होता, तोवर ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

बाहेर व्हरांड्यात स्वयंपाकीण तिच्यासमोर येऊन उभी राहिली. रागानं नाही, पण वाट अडवून. "म्हणजे तुमच्याकडं काहीच नाही?"

"आमच्याकडे काही नाही," ती म्हणाली. "पण आता त्यांच्याकडेही आमचा आधार नाही. त्यांना त्यांचं स्वतःचं दाखवावं लागेल."

बाईनं ते मनात घोळवून बघितलं. पटलं की नाही ते कळलं नाही. ती बाजूला झाली.

घरी आईनं दार उघडलं. डोळे सुजलेले होते. ताट वाढलं, समोर बसली, आणि म्हणाली, "तुझ्या बापामागे त्यानं आपल्याला उघड्यावर पडू दिलं नाही."

"माहितीय, आई."

"जे सांगितलंस ते खरं होतं ना?"

"हो."

"मग जेव," आई म्हणाली आणि भांडी घासायला उठली. त्या दिवशी भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी समितीनं मामांना बोलावलं. ते स्वेटर न घालता, इस्त्रीचा शर्ट घालून गेले. सबबी सांगितल्या नाहीत. संग्रहात खराब फाइल असणं मला कमीपणाचं वाटायचं, म्हणून मी मागवत गेलो, समिती नेमल्यावर बोलायला हवं होतं, बोललो नाही, असं सरळ सांगून आले. ऑफिसनं त्यांना कामावरून दूर केलं. निरोपाचा समारंभ व्हायचा होता तो झाला नाही. येता-जाता घराच्या जिन्यात ती दिसली की मामा दुसरीकडे बघत, आणि आई दोन्ही घरांच्या मधे विणकामाच्या सुईसारखी ये-जा करत राहिली.

तिकडे न्यायाधीशांनी वाहिनीला त्यांच्याच फाइलीचा लॉग आणायला सांगितलं. आधी तो सापडेना. मग शोध घ्यायला पोलीस पाठवू का, असं विचारल्यावर सापडला. तो वाचायला पुन्हा चाळणबाईलाच बोलावलं. तिनं तो उभ्याउभ्या वाचला आणि खुर्ची मागितली. एरर एकही नव्हता. पण ती फाइल घटनेनंतर सहाव्या दिवशी बनली होती, आणि सलग नव्हती. तीन तुकडे जोडलेले होते. पहिला तुकडा चार वाजून सोळा मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांवर संपत होता, दुसरा चार वीस आणि चार सेकंदांवर, म्हणजे शिवणी नेमक्या पट्टीच्या दोन्ही टोकांना होत्या.

"सलग चाललेल्या बातम्यांना मधेच शिवण का?" तिनं विचारलं. तिला प्रश्न विचारायचा अधिकार नव्हता, पण न्यायाधीशांनी तिला थांबवलं नाही. वाहिनीच्या शिफ्ट इंजिनिअरकडे बघून ते म्हणाले, "सांगा."

त्यानं आधी वकिलाकडे बघितलं. वकील कागद चाळत होते. मग त्यानं सांगितलं. पट्टी प्रत्यक्षात पाच सव्वीसला गेली होती. धरणाचा निरोप टेबलावर पडून राहिला, कारण त्या वेळी कुणाचीतरी मुलाखत चालली होती आणि संपादकाला ती मोडायची नव्हती. नंतर गाजावाजा झाल्यावर पट्टी मागे नेऊन चिकटवली.

स्वयंपाकीण त्या दिवशीही पहिल्या बाकावर होती. ती रडली नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला तिनं एवढंच म्हटलं, "बघा, चालू होता ना टीव्ही."

अहवालाला आणखी चार महिने लागले. संपादकावर खटला उभा राहिला. केंद्राला आदेश आला, अकरा वर्षांतल्या बाहेरून आणून ठेवलेल्या सगळ्या फाइली शोधा आणि त्यांच्यावर तसं लिहा. काम अर्थातच चाळणबाईच्या गळ्यात पडलं. तिनं वादळी दिवसांचे लॉग काढले, कोरडे राहिलेले वेचले, तारखा जुळवल्या. तीन आठवड्यांत सत्तावन्न सापडल्या. मग गाडं अडलं. बऱ्या हवेतल्या दिवसाची फाइल बदललेली असेल तर लॉग काय सांगणार.

एका रविवारी सकाळी ती कागद पसरून बसली होती, तेव्हा मामा आले. चपला काढल्या, खुर्चीत बसले, तिच्याकडे न बघता कागदांकडे बघितलं.

"किती झाल्या?"

"सत्तावन्न."

"त्रेसष्ट आहेत. त्या सहा तुला लॉगवरून नाही मिळणार. डिस्क बिघडली होती, हवा चांगली होती." त्यांनी पेन तिच्याकडे सरकवलं. "घे लिहून."

तिनं पेन घेतलं. मामांनी डोळे मिटून पहिली तारीख सांगितली, वाहिनी सांगितली. दुसरी सांगितली. तिसरीला अडखळले, महिना चुकला, स्वतःच दुरुस्त केला. ती लिहीत गेली. आई दारापर्यंत आली, दोघांना बघून तशीच मागे फिरली. चौथ्या फाइलीपाशी मामी खिडकीतून विचारून गेल्या, जेवायला घरी येताय का. मामांनी मान वर केली नाही. "इथेच जेवतो म्हणून सांग," ते भाचीला म्हणाले, आणि पुढची तारीख आठवू लागले.